डोकेदुखी : शून्य

गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय उत्तरामावशी,

नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तू काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातेस, हे काकांच्या मेसेजवरून कळलं. जिना मात्र एवढ्यात चढू नकोस. इथे बर्फ पडायला लागलं आहे. मी अजून कबीरदादाच्याच अपार्टमेंटमध्ये आहे, डब्लिनला (आयर्लंडमधलं नव्हे, इथलं अमेरिकेतलं) आईकडे परतले नाही. हे पत्र नेहमीसारखं हाताने लिहिते आहे, पण पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून फोटो काढून पाठवते.

आधी एक दुरुस्ती. वीस नोव्हेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, "दादाच्या डोक्याला मार लागला होता, पण आता तो अगदी बरा आहे, मी स्वतः पाहिलं आहे." यातला शेवटचा भाग चूक आहे. मी पाहिलं नव्हतं. मला सांगितलं गेलं आणि मी ते पाहिल्यासारखं लिहिलं. ते पत्र तू भिशीच्या मैत्रिणींना वाचून दाखवलंस म्हणे, त्यामुळे जास्तच लाज वाटते.

तू मागे विचारलं होतंस, "कबीर चार वर्षं तिथल्या मोठ्या टीममध्ये खेळतोय, गोल किती केले?" मी हसले होते, पण उत्तर द्यायचं राहिलं. मावशी, हा अमेरिकन फुटबॉल आहे आणि दादा त्यात कॉर्नरबॅक आहे. तो गोल करत नाही. समोरच्या टीमचा सगळ्यात वेगवान माणूस चेंडू झेलायला पळत सुटतो, आणि दादाचं काम एवढंच की त्याला तो झेलू द्यायचा नाही. तो माणूस सरळ पळतो. दादा त्याच्याकडे तोंड करून मागे मागे पळतो, त्याच्या कमरेवर नजर ठेवून, कारण डोळे फसवतात म्हणे, कंबर फसवत नाही. ज्या दिवशी टीव्हीवर दादाचं नाव एकदाही घेतलं जात नाही, तो त्याचा चांगला दिवस. पहिल्या वर्षी डब्लिनच्या मंडळाने गणपतीच्या आरासीत त्याची जर्सी लावली, तेव्हाही निम्म्या काकांना तो नेमकं काय करतो हे माहीत नव्हतं.

सोळा नोव्हेंबरला एकाला पाडताना त्याचा गुडघा दादाच्या हेल्मेटवर बसला. दादा उठला, पण हाताने हवेत काहीतरी चाचपत होता, जसं कुणी अंधारात दिव्याचं बटण शोधावं. त्याला बाहेर बसवलं. असं झालं की खेळाडूला रोज एक कागद भरावा लागतो: बावीस लक्षणं, प्रत्येकापुढे शून्य ते सहा. शिवाय दादाला तपासणाऱ्या डॉक्टरबाई टीमच्या नाहीत, बाहेरच्या आहेत. खेळाडूसोबत घरात राहणाऱ्याचीही सही त्या मागतात.

आता जी चूक झाली ती आमच्याच घरात होऊ शकते. तुला माहीत आहे, सहावीपर्यंत आम्ही शाळेत गेलो नाही. आई डायनिंग टेबलवर शिकवायची. संध्याकाळी रोजनिशीचं एक पान, आणि त्यात डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच. दादाला एका जागी बसवत नसे. तो खुर्चीभोवती फेऱ्या मारत सांगायचा, आणि मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असूनही त्याचं पान लिहायची. आईला ते चालायचं. "स्वानंदीने लिहिलं म्हणजे खरं," असं म्हणायची.

तर दादा सोफ्यावर डोळे मिटून आडवा आणि मी पेन घेऊन शेजारी.

"डोकेदुखी?"

"झीरो."

"उजेडाचा त्रास?"

"झीरो, स्वानू. सगळे झीरो टाक ना यार, काय आरतीसारखं एकेक म्हणतेस!"

तरी मी बावीसही ओळी वाचायची. मला त्याचाच अभिमान होता, एकही ओळ गाळली नाही याचा. खाली सही करायची. त्याचे डोळे मिटलेले का, हे मी एकदाही विचारलं नाही. डॉक्टरबाई कागद पाहून म्हणाल्या, "बहीण इतकी काटेकोर असली की माझं काम सोपं होतं." तीस नोव्हेंबरला तो परत मैदानात उतरला.

परवाच्या रविवारी, सात तारखेला, त्याला पुन्हा लागलं. फार जोरात नाही, टीव्हीवर तर दिसलंही नाही. घरी येताना गाडी मी चालवत होते. सिग्नलला त्याने विचारलं, "जिंकलो ना आपण?" मी म्हटलं, "हरलो रे दादा." पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच विचारलं. गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा. सोमवारी पुन्हा कागद सुरू झाले. पुन्हा झीरो. मी पुन्हा सही केली. हेही तुला कळायला हवं.

मंगळवारी पार्सल आलं. त्याची पार्सलं मीच उघडते. आत जाड काळे पडदे होते आणि एक चिठ्ठी. पार्सल कुणाचं होतं ते लिहायला मी दोन दिवस घेतले, कारण ती तुझी सख्खी बहीण आहे. चिठ्ठी अशी होती: "कबीर, आधीच्या पडद्यांतून उजेड येत असेल तर हे लाव. गोळ्या जेवणानंतरच घे. स्वानंदीला काही बोलू नकोस, ती लिहून टाकेल."

आधीचे पडदे मी पाहिले होते. राखाडी, त्याच्या बेडरूमला. मला वाटलं, अपार्टमेंटचेच असतील. चहा करताना तो गॉगल लावायचा, तोही पाहिला होता. विचारलं तर म्हणाला, "स्टाइल आहे गं." मी हसले. म्हणजे जे पाहिलं ते लिहिलं नाही आणि जे लिहिलं ते पाहिलं नव्हतं.

मी चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

"आता किती दुखतंय?"

"चार."

"आणि नोव्हेंबरात?"

"पाच. कधीकधी सहा."

"मग मला झीरो का सांगितलंस?"

"कारण लिहिणारी तू होतीस. मी लिहिलेले झीरो कुणी मानले नसते, स्वानू."

तो हे चिडून म्हणाला नाही. कौतुक केल्यासारखं म्हणाला, आणि तेच मला सहन होत नाही.

मग आईला फोन केला. ती स्वयंपाक करत होती.

"हे बघ, त्याचं काँट्रॅक्ट यंदा संपतंय," ती म्हणाली. "आता बसला तर उद्या कोण घेणार त्याला? हा रविवार सोड, उरलेले तीन गेम्स खेळू दे. नव्या काँट्रॅक्टचं झालं की मीच त्याला सहा महिने घरी बसवते."

"आणि तोवर परत लागलं तर? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आधीचं भरून यायच्या आत पुन्हा मार बसला तर ते कायमचं असू शकतं."

"तुला सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?"

"नाही."

"मग? भाजी करपतेय माझी. नंतर बोलू."

त्यानंतर तिचा फोन नाही, माझाही नाही.

मला फसवल्याचं दुःख नाही, दादाची काळजी आहे, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. दुःख आहे. जिने मला खरं लिहायला शिकवलं, तिने माझा खरेपणा ओळखून नेमका तोच वापरला. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, पण त्यांच्यातली एक राहिले असते. त्यांनी मला पेनासारखं धरलं.

काल मी दादाला सांगितलं की नोव्हेंबरचे आणि या आठवड्याचे सगळे कागद मी परत घेणार आहे. डॉक्टरबाईंना त्यांतलं खोटं काय ते सांगणार आहे, माझ्या सहीसकट. कदाचित तो यंदा खेळणार नाही. कदाचित पुन्हा कधीच नाही. तो सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला दुसरं काही येत नाही, हे मला कळतं. तो म्हणाला, "मग माझं करिअर डॉक्टर नाही, तू संपवतेयस. दॅट्स ऑन यू." मी "हो" म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. वरणभात मात्र खातो, दिवा बंद करून. मीही अंधारातच जेवते.

त्याने गाडी चालवायची नाही, म्हणून सोमवारी डॉक्टरबाईंकडे त्याला मीच नेणार. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. त्या चाळीस मिनिटांचीच मला जास्त भीती वाटते.

आईला फोन करायचा असेल तर कर. कुणापासून काही लपव, असं मी तुला सांगणार नाही. फक्त तोवर मला करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर माझं मन वळेल, आणि मला ते वळू द्यायचं नाही.

तुझी
स्वानंदी

ता. क. डॉक्टरबाईंनी दिलेली वेळ : सोमवार, १५ डिसेंबर, सकाळी साडेनऊ.