डब्बा लागला

रायपूर, ६ जुलै २००३

श्रीमती अंजनाबाई विहीणबाई यांस,

सरिताचा सप्रेम जयभीम. वि. वि. आमी इकडे बरे आहो. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. फोन करत नाही, कारण फोन शेजारणीच्या घरी, अन् त्या बाईचे कान फोनपेक्षा लांब आहेत.

बातमी अशी का तुमची रीना नोकरीले लागली. पंडरी बाजाराच्या मागं मिशनची इंग्रजी शाळा आहे, तिथं आया म्हणून. आया म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. तिथं जो आया-चपराशी आहे त्याच्या घरच्या एका लेकराले शाळेत जागा भेटते, फीशिवाय. आपली अनुश्री पहिलीत बसली! टाय लावून जाते. रायपूर राजधानी झाली तेव्हापासून सायेब लोकाईच्या पोराईनं ती शाळा भरून गेली, पैसेवाले लाइन लावून वापस जातात. आमच्या पाऱ्यातली, इकडे मोहल्ल्याले पारा म्हणतात, सरकारी शाळा बी मी पाहिली. दोन वर्गाले एक मास्तर, तो बी इलेक्शनच्या याद्या लिहाले जाते. शेजारचं पोट्टं पाचवीत गेलं, त्याले बापाचं नाव लिहिता येत नाही. मी तिसरी शिकली तरी हे पत्र लिहून राहिली ना?

तुमचा जावई प्रशिक सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटातून काळा होऊन येते, जेवते अन् झोपते. त्याचं काही नवीन नाही.

चि. अभिनवची काळजी करू नका. रीना सकाळीच जाते, तं त्याले आता डब्बा लागला आहे. पहिले लई रडला, आता गुपचूप पडून राहते. घरी मी आहो.

तुमचा राग असला तरी चालते, पण आठवण ठेवा.

तुमची विहीण,
सरिता

गोंदिया, ११ जुलै २००३

सौ. सरिताबाई यांस,

अंजनाबाईचा सविनय जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की तुमचं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

चार महिन्यांच्या लेकराला डब्बा लागला, आणि तुम्ही लिहिता काळजी करू नका? आधी पानभर शाळेचं कौतुक, आणि शेवटी एका ओळीत डब्बा? बाई, तुम्हाला काळीज आहे की नाही? रीनाच्या आधीचा माझा मुलगा डब्ब्यानंच गेला. आधी असाच रडला, मग असाच गुपचूप पडला. बरगडीखाली खळगा पडत होता, पोट लोहाराच्या भात्यासारखं उडत होतं, आणि माझी सासू म्हणत होती, सर्दी आहे, जाईल. आणि रीना त्याला सोडून नोकरीला जाते? हे मी तिला शिकवलं नाही.

आमच्याकडे गुलाबराव आहेत, ते डब्बा उतरवतात. तापवलेल्या लोखंडानं पोटावर डागतात. रीनाला पण लहानपणी त्यांनीच डागलं होतं, म्हणून ती आज तुमची सून आहे. तिच्या पोटावर खुणा असतील. त्यांना घेऊन मी पुढच्या रविवारी, २० तारखेला येते. तोवर त्याला वारं लागू देऊ नका. मिशनवाल्यांच्या हातात तर देऊच नका. इकडे लोक सांगतात की ते दुखणाईत माणसाच्या कपाळाला पाणी लावतात आणि नाव बदलतात.

रीनाला सांगा, आई येते आहे. माया असेल तर लेकराजवळून हलू नका.

आपली,
अंजनाबाई

रायपूर, १५ जुलै २००३

अंजनाबाई यांस जयभीम. वि. वि.

अव माय! तुमचं पत्र वाचलं अन् मी जमिनीवर बसली. डब्बा म्हणजे दुधाचा डब्बा, बाई! टिनाचा! दुकानात भेटते तो, वर गोबऱ्या लेकराचं चित्र असते, आत पावडर. त्यात कोमट पाणी टाकून शिशीनं पाजते. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, याले डब्बा लागला, त्याले डब्बा लागला. रोग नाही, ताप नाही, पोट उडून नाही राहिलं. तुमी तं डायरेक्ट लोखंड तापवाले निघाल्या!

डागू बिलकुल देणार नाही, हे आताच सांगून ठेवते. रीनाच्या पोटावरच्या खुणा मी पाहिल्या आहेत. बाळंतपणात नर्सनं विचारलं तं तुमची पोरगी शरमून भिताडाकडं पाहत होती.

अन् मिशनचं म्हणाल, तं शेजारणीनं बी हेच पुसलं का आता तुमी गळ्यात क्रॉस घालान का. मी तिले म्हटलं का आमच्या घरानं एकदा धम्म घेतला, तो पिढ्यान्‌पिढ्या पुरते, दरसाल नवीन घ्यायची आमाले सवय नाही.

तुमी या, पाहुणी म्हणून या, मी वांग्याची भाजी करते. पण गुलाबराव अन् त्याचं लोखंड गोंदियालेच ठेवा. पत्र शनिवारपर्यंत पोचलं पाहिजे. नाही पोचलं तं पोस्टमनचं काही खरं नाही.

हसून माफ करा,
सरिता

गोंदिया, २६ जुलै २००३

सौ. सरिताबाई यांस सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आम्ही रायपूरहून परतलो तेव्हा दाराच्या फटीत पडलेलं होतं. ते मी दारातच उभ्यानं वाचलं. त्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात शिरून शेगडीवर पाणी ओतलं, गुलाबरावांना नाही नाही ते बोललात, तेव्हा मला वाटलं बाईच्या डोक्यात फरक पडला आहे. डब्बा-डब्बा करत आपण दोघी ओरडत होतो आणि दोघी वेगवेगळं बोलत होतो. लोखंड लाल झालं होतं हो. अजून थोडा उशीर झाला असता तर? मी तर रोगाच्या भीतीनं झबलं वर केलं होतं.

पण झबलं वर केलं म्हणूनच दिसलं ना? पोट उडत नव्हतं, श्वास नीट होता. पण फासळ्या! एकेक मोजून घ्यावी अशी. मांडीची कातडी सैल, लोंबणारी. बारशाला मी त्याला मांडीवर घेतलं होतं, त्याहून तो हलका झाला होता. रडायला तोंड उघडायचा आणि आवाज येत नव्हता. तुमच्या घरात रोज त्याला पाहणाऱ्या कोणालाच ते दिसलं कसं नाही, हे मला अजून कळत नाही.

तुम्ही त्याला उचलून मिशनच्या दवाखान्यात नेलं, तिथं मी आत आले नाही, बाहेर पायरीवर बसले. ते तुम्हाला आवडलं नाही, मला माहीत आहे. आईनंच अंगावर पाजावं असं तिथल्या सिस्टरनं सांगितलं, म्हणून रीनाला आणि अभिनवला इकडे घेऊन आले. त्याला परत आईच्या अंगावर लावणं चालू आहे. आधी तोंडच धरत नव्हता, किंचाळायचा. मधूनमधून वाटीनं वरचं दूध देतो.

पण मला एक खरं सांगा. त्या मिशननं दिलेल्या डब्ब्यात काय विष होतं? रीनाला विचारलं तर ती नुसती खाली पाहते आणि म्हणते, आई, जाऊ दे. माझी मुलगी कोणाला तरी झाकते आहे. शाळेला झाकते आहे का? मी पेपरात देईन.

उत्तराची वाट पाहणारी,
अंजनाबाई

रायपूर, १ ऑगस्ट २००३

अंजनाबाई यांस जयभीम. वि. वि.

पेपरात देऊ नका. डब्बा मिशनचा नव्हता, पंडरीच्या दुकानातून प्रशिकनं आणला होता. अन् त्यात विष नव्हतं. त्यात दूधच नव्हतं म्हणा, कारण मी टाकतच नव्हती. रीना मले झाकून राहिली आहे.

आत काय झालं ते ऐका. सिस्टरनं अभिनवले तराजूत ठेवलं, मग रीनाले नाही, मले विचारलं का दूध कसं बनवता. मी मोठ्या तोऱ्यात शिशी काढून दाखवलं. एक चमचा पावडर अन् गळ्यापर्यंत पाणी. आपण म्हशीचं दूध लेकराले पाणी घालूनच देतो ना? घट्ट दूध पोटाले जड जाते, माझ्या सासूनं हेच सांगितलं, मी माझ्या लेकराईले हेच केलं. मले वाटलं पावडरीचं बी तसंच. पांढरं दिसलं का झालं. डब्बा महाग आहे, महिनाभर पुरला पाहिजे, हे बी मनात होतं, खोटं काहून बोलू.

सिस्टरनं शिशी उजेडात धरली. मग म्हणे का आजी, तुमी याले पाणी पाजून राहिल्या. शिशीभर पाण्याले चार चमचे लागतात. तो गुपचूप पडला होता कारण रडायची ताकद नव्हती. अन् मी पाऱ्यात सांगत फिरली का आमचा पोट्टा किती शहाणा, रडत नाही!

डब्ब्यावर सगळं लिहिलं होतं. इंग्रजीत बी, हिंदीत बी. सिस्टरनं बोट ठेवून दाखवलं. हिंदी मले वाचता येते. मी वाचलंच नाही. दुधाले काय वाचाचं?

सिस्टर अभिनवच्या डोक्यावर हात ठेवून काही पुटपुटत होती, तं मी तिच्यावरच खेकसली का प्रार्थना मागून करा, पहिले पोराले दूध द्या. ती हसली. म्हणे का एका हातानं देऊनच राहिली आहे. पाहिलं तं खरंच, दुसऱ्या हातात वाटी होती. नाव तिनं कोणाचं बदललं नाही. कार्डावर अभिनवच लिहिलं.

आता दुसरं. रीना तिकडे गेली तं नोकरी जाणार, अन् नोकरीसंगं अनुश्रीची जागा. प्रशिक म्हणे का जाऊ दे, सरकारी शाळेत टाकू. मी शाळेच्या मोठ्या सिस्टरकडे गेली. म्हटलं का सून येतवर मले ठेवा, झाडू माराले अन् लेकराईचे नाक पुसाले तिसरी पास पुरते. तिनं पाहिलं माझ्याकडं, अन् हव म्हणाली. सोमवारपासून मी जाऊन राहिली. सून शिकली ते काम सासू करते, असा जमाना आला.

तुमाले जे बोलायचं ते बोला. रीनाले मात्र म्हणा का मले झाकू नको.

सरिता

गोंदिया, १२ ऑगस्ट २००३

सौ. सरिताबाई यांस सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी ते चुलीत टाकायला उठले होते. रीनानं हात धरला. दोन दिवस तुमचं नाव घरात काढू दिलं नाही. मग विचार केला की मी तरी कोण मोठी? तुम्ही पाणी पाजत होतात, मी लोखंड घेऊन आले होते. दोन आज्यांच्या मधून हे लेकरू वाचलं, हेच नवल.

अभिनव आता छातीला लागला. रीनाला दूध उतरतं आहे, रोज जास्त. काल त्यानं रडून गल्ली डोक्यावर घेतली आणि आम्ही दोघी हसत बसलो. वरचं दूध देतो तेव्हा रीना डब्ब्यावरचं मला मोठ्यानं वाचून दाखवते.

एक गोष्ट मात्र कळत नाही. अभिनवच्या दुखण्यात रीना रडली नाही. पण तुम्ही शाळेत कामाला लागलात हे वाचलं आणि उशीत तोंड घालून रडली. मी म्हटलं, सासू तुझ्यासाठी खपते आहे तर आनंद मान. तर म्हणते, त्यांना तिथं जाऊ द्यायला नको होतं. का, ते सांगत नाही. तिथं काही वाईट आहे का? अनुश्रीला कोणी त्रास देतं का? काय असेल ते उघड लिहा, तुमची तीच सवय मला आवडते.

लोभ कमी झाला होता, पुन्हा भरतो आहे.

अंजनाबाई

रायपूर, २३ ऑगस्ट २००३

अंजनाबाई यांस सप्रेम जयभीम. वि. वि.

रीना काहून रडली ते मले समजलं. तुमी बसून वाचा.

शाळा चांगली आहे. संडास असा धुतला असते का तिथं पाहुण्याले जेवाले बसवावं. लेकराईले कोणी मारत नाही. सुट्टीत मी व्हरांड्यात पोछा मारून राहिली होती, तं अनुश्री दोन पोरीईसंगं आली. एकीचा बाप मंत्रालयात सायेब, दुसरीच्या बापाची कापडाची पेढी. अनुश्रीची वेणी सुटली होती. मी पोछा ठेवला अन् वेणी घालून दिली. ती सरळ पुढं पाहत उभी राहिली. झाल्यावर म्हणे का थँक्यू आंटी, अन् गेली.

आंटी! माझ्या मांडीवर झोपते ती पोट्टी! मले वाटलं मजाक करते. दुसऱ्या रोजी बी तेच. घरी धरून बसवलं अन् विचारलं का मी तुझी कोण. तं रडाले लागली. म्हणे का शाळेत आजी नाही म्हणायचं. कोण म्हणते तुले? तं म्हणे मम्मीनं सांगितलं. मम्मीले बी ती शाळेत आंटीच म्हणत होती. मम्मीनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं का बेटा, इथं मी तुझी मम्मी नाही, नाही तं पोरी तुझ्याजवळ बसणार नाहीत.

अंजनाबाई, त्या शाळेच्या एका जागेसाठी तुमच्या पोरीनं एका लेकराच्या तोंडचं दूध काढलं अन् दुसरीच्या तोंडची आई. अन् घरी येऊन मले चहा करून देत होती, चूप. मी विचारत होती का पोरगी शाळेत रमली का. हव म्हणे.

सोमवारी मी अनुश्रीचा हात धरला अन् मोठ्या गेटातून आत गेली, जिथं गाड्या थांबतात. त्या दोघी उभ्या होत्या. त्याईले हिंदीत सांगितलं का मैं इसकी आजी हूँ, और जो पहले आती थी वो इसकी मम्मी. सायेबाची पोरगी जवळ आली. मग म्हणे का आजी, मेरी भी चोटी कर दोगे? कापडवाली मात्र तेव्हापासून दुसऱ्या बाकावर बसते. अनुश्री माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. शुक्रवारी पाणी मागाले आली, सगळ्याईसमोर, अन् आजी म्हणून आली. आवाज बारीक होता, पण आजीच म्हटलं.

मोठ्या सिस्टरले मी सांगून टाकलं का आता सून येणार नाही, मीच राहीन. तिनं विचारलं का झेपेल का. म्हटलं, गुडघे विहिणीचे दुखतात, माझे नाही. अनुश्रीची जागा कायम आहे, दादीच्या नावानं बी चालते म्हणे. ऐसपैस दूध पाजू द्या रीनाले, अभिनव दातं येतवर पिऊ दे. मग त्याले घेऊन रुबाबात घरी येऊ द्या. शाळेत बी येऊ द्या, पोरीले न्यायले, मोठ्या गेटातून.

तिले एवढंच सांगा का परत येशील तं आई म्हणून ये, आंटीची जागा मी भरली आहे.

भांडणासगट लोभ राहू द्या.

तुमची विहीण,
सरिता