टॅमझिनच्या दारातला भुसा

निदर कूम, ३ मार्च १८३४

चि. जेथ्रोस,
हेस्टरताईचे भरभरून आशीर्वाद.

ब्रिस्टलच्या गोदीत दिवसभर ओझी उचलतोस, पण पत्र लिहायचं म्हटलं की तुझे हात दुखतात!

आपल्या धाकट्या बहिणीला, टॅमझिनला, नवऱ्याने पुन्हा मारलं, त्या सायलसने. या खेपेला दोन दात पाडले. विचारलं तर म्हणते, गाईने लाथ मारली. त्यांच्याकडे गाय आहे कुठे? पाथरवटाचा हात तो, एक दिवस जीव घेईल तिचा. म्हणून आज सकाळी मीच त्याच्या दारात पाटीभर भुसा ओतला. या घरात बायकोची मळणी चालते, हे आता गावातल्या अकराही घरांना कळलं. गुरुवारपासून रिवाजाप्रमाणे तीन संध्याकाळी त्याच्या दारात तवे-पातेली बडवायची. मग बघू कसा टिकतो गावात.

आळशा, दोन ओळी तरी लिही.
तुझी ताई, हेस्टर

ब्रिस्टल, ६ मार्च

ति. हेस्टरताईस,
जेथ्रोचा वाकून नमस्कार.

ताई, तुझी घाई जन्माची! आधी टॅमझिनला घराबाहेर काढायचं नाही का? तिनेच चुगली केली असं तो धरून चालणार. तुम्ही बाहेर तवे बडवाल, आत तो तिला बडवेल, आणि त्या गोंगाटात तिची किंकाळी कोणाला ऐकू जाईल? तिला आधी तुझ्याकडे आण. मुकादम मला पुढच्या रविवारशिवाय सोडत नाही.

रागावू नकोस, माया तेवढीच राहू दे.
तुझा जेथ्रो

निदर कूम, ११ मार्च

चि. जेथ्रोस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. तशीच धावत गेले. दाराला आतून अडसर. सायलस आतून ओरडला की, आज तुमच्या तालावर तिची हाडं मोजतो. मी घरोघर हात जोडले, दार फोडा म्हटलं. कोणी ऐकेना. दाराला हात लावायचा नाही, फक्त वाजवायचं, हा रिवाज. आणि दोन संध्याकाळींवर थांबलो तर तोच जिंकला, असं सगळ्यांचं म्हणणं.

मग मीही वाजवलं, रडत वाजवलं. कान आतच होते, पण तू म्हणालास तसंच झालं, काही म्हणजे काही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने दार उघडलं. टॅमझिन बाहेर आली. ओठ फाटलेला, एक हात लोंबत होता. दुसऱ्या हातात आईचा बिडाचा तवा. आमच्या रांगेत येऊन उभी राहिली आणि कुंपणाच्या दगडावर तो तवा आपटू लागली. आम्ही थांबलो तरी ती थांबेना.

सायलस चुलीपाशी डोकं फुटून मरून पडला होता. काल चौकशीला साहेब आला. आतून काही ऐकू आलं का, असं त्याने एकेकाला विचारलं. सगळ्यांनी बायबलवर हात ठेवून खरं तेच सांगितलं, तव्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. निकाल देणारे बाराही पंच आमच्या रांगेतलेच. पाय घसरून चुलीच्या दगडावर पडला, असं त्यांनी लिहून दिलं.

रविवारी ये आणि तिला घेऊन जा. आईचा तवा तडकला आहे. तो आमच्याबरोबर वाजवताना तडकला की त्याआधीच, हे मी तिला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई हेस्टर