स्टुडिओचा रकाना

लातूर, २६ एप्रिल २०१६

प्रिय सिंधू,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण गेले तीन आठवडे मी सिनेमा कंपन्यांची नावं सारखी करते आहे. हसू नकोस. डी.एड.च्या होस्टेलवर तू अशीच हसायचीस आणि मला काम सुचायचं नाही.

यांच्या सिनेमांच्या डिस्क तू पाहिल्या आहेस, आता सातशेच्या वर गेल्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर यांनी सगळ्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवली. म्हणजे हे पलंगावरून सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. आता लक्षात आलं की एकच स्टुडिओ कुठे 'मयूरध्वज पिक्चर्स', कुठे 'मयूरध्वज फिल्म्स', तर कुठे नुसताच 'मयूरध्वज' पडला आहे. शोधायला गेलं की निम्मे सिनेमे हाती लागत नाहीत. तेव्हा फर्मान निघालं: मालक बदलो, पाटी बदलो, पहिलं नाव तेच खरं. यांचं सगळंच तसं. उदगीरला जन्मले तेव्हा जिल्हा बीदर, मग उस्मानाबाद झाला, मग लातूर, आणि आता उदगीरच जिल्हा करा म्हणून मोर्चे निघतात. यांना विचारलं तर अजून बीदरच सांगतात.

काम मात्र मला आवडलं, खोटं कशाला बोलू. एक नाव बदललं की चाळीस ओळी एकदम सुतासारख्या सरळ. या घरात माझ्या सांगण्यावरून दुसरं काही हललेलं आठवत नाही.

पाण्याचं तू पेपरात वाचतेसच. रेल्वेनं पाणी आलं, फोटोही आले. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी येतो. रांगेत मी आणि शेजारची महानंदा. प्यायचं पाणी गाळून वेगळ्या घागरीत ठेवते. परवा ती घागर अर्धी दिसली. मागच्या दारात हे पाटावर बसून डिस्क धूत होते, एकेक, अगदी मायेनं. मला बघून म्हणाले, "बोअरचं पाणी न्हाई चालत याला, डाग पडतेत. तू आन की उद्या दुसरं." मी आत गेले आणि उरलेल्या स्टुडिओंची नावं सारखी केली. संध्याकाळपर्यंत संपलं सगळं.

सिंधू, तुझ्या केरबाची बदली हिमायतनगरला झाल्यापासून तुझी वरची खोली रिकामी आहे, असं तू लिहिलं होतंस. ती मला हवी आहे. येत्या सोमवारच्या एसटीनं नांदेडला येते. किती दिवसांसाठी ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. भांडण झालेलं नाही. यांना अजून सांगितलेलंही नाही. राग आला असता तर मी भांडून इथेच राहिले असते. राग येत नाही, याचीच भीती वाटते. टँकर आला की यांना हाक मार, एवढं महानंदाला सांगून ठेवलं आहे. आजवर यांनी घागर उचललेली नाही. आता उचलतील, नाहीतर तहानलेले बसतील.

तुझीच,
शिवगंगा