दोन खोल्या, एक उष्टी रोटी

मी, तुर्गुन मिरसोबिर कोसिमोव, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा लिफ्टदुरुस्ती, हल्लीचा धंदा काही नाही, राहणार चौथा मजला, चिलनझार, ताश्कंद, आपल्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. शेजारच्या होसियत ओपा समोर बसून "लिहा, लिहा" म्हणत आहेत हे खरे. परंतु त्या गेली तीस वर्षे मला काही ना काही करायला सांगत आल्या आहेत, त्यामुळे त्याला जबरदस्ती म्हणता येणार नाही.

परवा, गुरुवारी, मी परदेशी जात आहे. या वयात विमानात बसण्याआधी माणसाने कागद नीट करून ठेवावेत, आणि माझ्याजवळ एक गोष्ट अशी आहे की ती कागदावर न उतरता माझ्याबरोबर गेली तर माझ्या मुलीवर अन्याय होईल.

यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे केली. तिन्ही रद्द समजावीत. तिन्हींत एकच अट होती, की मुनव्वरने ताश्कंदला येऊन स्वयंपाकघरात टांगलेली आपली रोटी संपवावी, मगच घर तिचे व्हावे. ही अट मी काढून टाकत आहे. का, ते कलम सहामध्ये येईल. होसियत ओपांच्या मते ते पहिल्याच कलमात यायला हवे. परंतु मृत्युपत्र माझे आहे.

कलम एक. घर. दोन खोल्या आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी माझी एकुलती एक मुलगी मुनव्वर, हल्ली राहणार बुसान, कोरिया, हिला विनाअट द्यावी. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावून ठेवावे. एक विनंती आहे. मोठ्या खोलीतील कपाट हलवू नये. शेल्फ लावताना माझ्या हातून भोक जरा खोल पडले होते. त्यामागे काय आहे हे होसियत ओपांना ठाऊक आहे, कारण ते त्यांच्या बैठकीत निघाले.

कलम दोन. हत्यारे. अडतीस वर्षे मी या शहरातल्या लिफ्टा दुरुस्त केल्या, म्हणून मी लिफ्टने जात नाही. याला लोक विक्षिप्तपणा म्हणतात. मिठाईवाला स्वतःची मिठाई खात नाही तेव्हा त्याला कोणी काही बोलत नाही. दर सोमवारी मात्र मी आमच्या लिफ्टमध्ये शिरतो, भिंतीला तळहात लावून नवव्या मजल्यापर्यंत जातो, खाली येतो, आणि मग चार मजले जिन्याने चढून घरी येतो. लिफ्टची प्रकृती अशीच कळते. माझी सर्व हत्यारे, पाने आणि तेलाची लांब चोचीची डबी, या इमारतीची लिफ्ट जो कोणी सांभाळत असेल त्याला द्यावी. त्याने ती चौथ्या मजल्यावर फरशीच्या बरोबरीने थांबवून दाखवावी. सध्या ती वीतभर वर थांबते, आणि आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना उडी मारायला लावते.

कलम तीन. प्रवासाचे सामान. माझी पत्नी राबिया गेल्यानंतर आणि नोकरी संपल्यानंतर मी फिरू लागलो. आतापर्यंत नऊ परदेशी शहरे पाहिली. पाहिली म्हणजे प्रत्येक शहरात एक बाक पाहिला. माझी पद्धत अशी, की एक शहर, एकवीस दिवस. सकाळी बाक, दुपारी झोप, संध्याकाळी तोच बाक, पलीकडे तोंड करून. चहाची वाटी घरची, कारण परक्या कपाला कान असतो आणि मला तो धरवत नाही. रीगामध्ये नवव्या दिवशी एका पोलिसाने येऊन विचारले, हरवलात का. मी म्हणालो, नाही, फिरतोय. बुडापेस्टमध्ये दार नसलेली आणि न थांबणारी लिफ्ट आहे. तिच्यासमोर मी तीन दिवस उभा राहिलो आणि चौथ्या दिवशी आत शिरलो. तिबिलिसीत काही इमारतींत नाणे टाकल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. हे मला आवडले नाही आणि मी तसे तिथल्या एका बाईला सांगितले. तिला माझी भाषा येत नव्हती, पण तिने मला अक्रोड दिले.

परत आल्यावर मोहल्ल्यातले लोक विचारतात, अमका मनोरा पाहिला का, तमका पूल पाहिला का. मी म्हणतो, दिसला, लांबून. त्यावर ते एकमेकांकडे पाहतात. त्या सर्वांना या कागदाद्वारे कळवतो की ज्यांनी ते मनोरे पाहिले त्यांना तिथल्या जिन्यात किती पायऱ्या आहेत हे विचारून पाहावे.

तपकिरी कोट मोहल्ल्याच्या चहाखान्याला द्यावा. थंडीत ज्याला लागेल त्याने घालावा. ज्यात मी प्रत्येक शहरातील लिफ्टांचे आवाज टिपले आहेत ती वही माझ्या नातीला द्यावी. तिला मी पाहिलेले नाही. ती सात वर्षांची आहे, आणि तिचे नाव राबिया ठेवले आहे हे मला फोनवर आलेल्या फोटोखालच्या ओळीवरून कळले. त्या फोटोत तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे. दुधाचे दात असतील. तरी मी तो फोटो पुष्कळ वेळा मोठा करून पाहिला.

कलम चार. विक्टर किम, सहावा मजला. याला माझा फाशांच्या खेळाचा पट द्यावा, मात्र दोनपैकी एकच फासा द्यावा. दुसरा होसियत ओपांकडे राहील. बावीस वर्षे तो माझ्याशी खेळताना फासा पडल्यावर बोटाने हळूच फिरवत आला आहे, आणि बावीस वर्षे मी मूग गिळून बसलो आहे. आता दर खेळाला त्याला ओपांच्या दारात जावे लागेल आणि त्या नजर ठेवतील.

विक्टरवर दुसरा राग असा, की मी त्याच्याकडून तीन हिवाळे कोरियन भाषा शिकलो. मी कोरियाला जाणार नव्हतो. सहज शिकलो, असे मी तेव्हा सर्वांना सांगितले. विक्टरची कोरियन ही त्याच्या आजीची, आणि आजीला लहानपणी सरकारने इतर कोरियनांबरोबर आगगाडीत भरून इकडे आणून सोडले होते. त्यानंतर तिच्या भाषेत नवा शब्द आला नाही. एकदा फोनवर मी जावयाशी दोन वाक्ये बोललो. तो हसू आवरत म्हणाला की त्याचे पणजोबा असे बोलत असावेत. विक्टरने त्याच्या गाजराच्या कोशिंबिरीची कृतीही मला कधी सांगितली नाही. ती आता सांगून उपयोग नाही.

कलम पाच. होसियत ओपा. वयाने माझ्याहून लहान असूनही सगळा जिना त्यांना ओपा म्हणतो, म्हणजे ताई, कारण त्यांनी या जिन्यातल्या प्रत्येकाच्या तोंडात चिमटा घातलेला आहे. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. मी परदेशी असताना त्यांनी माझ्या गॅलरीतल्या लिंबाला पाणी घातले आणि परत आल्यावर मला ते ऐकवले. लिंबाचे झाड, बेही या फळाच्या मुरंब्याच्या सर्व बरण्या आणि अंगणात बसण्याचे माझे घडीचे स्टूल त्यांना द्यावे. या स्टुलावर माझ्या गैरहजेरीत बसू नये असे मी त्यांना अनेकदा सांगितले होते. आता बसावे.

कलम सहा. रोटी.

सन २०११ च्या सप्टेंबरमध्ये मुनव्वर दोन वर्षांसाठी शिकायला बुसानला गेली. निघताना उंबऱ्यात तिने तंदूरच्या जाड रोटीला दात लावले, एक घास तोडून खाल्ला, आणि उरलेली रोटी मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. परत येऊन तिने ती संपवायची. सगळ्यांच्या घरी करतात तसेच. मी प्रवासाला निघालो की माझीही रोटी शेजारच्या खिळ्यावर असे. मी परत येई, चहात बुडवून ती खाई, आणि खिळा मोकळा होई.

दोन वर्षांची तीन झाली. मुनव्वर म्हणाली, या ऑगस्टमध्ये नक्की येते. ते साल २०१४. त्या एप्रिलमध्ये मी तिबिलिसीहून परतलो. चष्मा तिथल्या बाकावर राहिला होता. भूक लागली होती. घरात शिरल्याबरोबर मी भिंतीवरची रोटी काढली, चहात भिजवली, मुरंबा लावला आणि उभ्या उभ्याच संपवली. दुसऱ्या दिवशी जुना चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला तेव्हा दिसले की माझी रोटी जागच्या जागी आहे. मी मुलीची रोटी खाल्ली होती.

मी यंत्रांमध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. दोर तुटला तरी लिफ्ट का पडत नाही हे मला माहीत आहे. भिंतीवरच्या रोटीने माणूस परत येत नाही हेही मला माहीत आहे. तरीसुद्धा मी त्या सकाळी स्टुलावर बसून राहिलो. मग माझी रोटी मी तिच्या खिळ्यावर सरकवली आणि कोणालाही सांगितले नाही.

ऑगस्टमध्ये मुनव्वरचा फोन आला.

"अदाजान, या वर्षी नाही येत. मी लग्न करतेय."

मी तिला आशीर्वाद द्यायला हवा होता. माझ्या तोंडून निघाले, "तुझी रोटी भिंतीवर आहे. आधी येऊन ती संपव, मग लग्नाचं बोल."

"ती वाळून दगड झाली असेल. तुम्हीच या ना."

"रोटी वाट बघतेय," मी म्हणालो आणि फोन ठेवला. तिचा रस्ता माझ्या खाण्यामुळे बंद झाला असे मला वाटत होते, आणि मी रागावलो मात्र तिच्यावर. त्यानंतर दहा वर्षे दर नवरोजला ती म्हणते, तुम्ही या, आणि मी म्हणतो, रोटी वाट बघतेय. मला या वाक्याची लाज वाटते.

सन २०१९ मध्ये मी जपानला फुकुओकाला गेलो. तिथल्या बंदरातून रोज सकाळी बुसानला बोट जाते, साडेतीन तासांची. माझ्याकडे कोरियाचाही व्हिसा होता. हे आजपर्यंत विक्टरलाही माहीत नव्हते. मी बंदरासमोरचा बाक निवडला. एकवीस दिवस बोट सुटताना पाहिली. तिकिटाच्या खिडकीपर्यंत दोनदा गेलो. पलीकडे उतरलो तर मुनव्वर पहिले रोटीचेच विचारील हे मला ठाऊक होते.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला होसियत ओपांना बोलावले. त्यांनी अट वाचली. लेखणी खाली ठेवली, स्टुलावर चढल्या, चष्मा पुसला आणि रोटी नीट पाहिली.

"तुर्गुन अका, ही मुनव्वरची नाही."

मी म्हणालो की तेरा वर्षांत रोटीचा आकार बदलतो.

"तिच्या दाढा मी भरल्यात. तिचे पुढचे दात एकमेकांना चिकटून आहेत. या घासात मधोमध रोटीची भिंत उभी राहिलीय. एवढी फट अख्ख्या चिलनझारमध्ये एकाच तोंडात आहे, आणि ते तोंड आत्ता माझ्याशी खोटं बोलतंय."

मी सगळे सांगितले. त्यांनी ते दहा वर्षांपूर्वीच ओळखले होते. मी आपणहून बोलेन म्हणून थांबल्या होत्या. मग स्टुलावरूनच म्हणाल्या, "मुलीनं परत यायचं काही शिल्लकच नाही. तिची रोटी संपली. भिंतीवरची तुमची आहे, परतायचं राहिलंय ते तुमचं."

दुसऱ्या दिवशी मी व्हिसासाठी अर्ज केला. गेल्या आठवड्यात मुनव्वरला फोनवर सांगितले की गुरुवारी निघतोय. तिने विचारले, "माझी रोटी आणताय का?" मी म्हणालो, रोटी आणतोय. हे खोटे नाही आणि पुरते खरेही नाही. उरलेले मी तिच्या समोर बसून सांगणार आहे. वाटेत माझे काही बरेवाईट झाले, तर हे कलम तिला सर्वांत आधी वाचून दाखवावे. मुनव्वर, तुझी रोटी तुझ्या बापाने खाल्ली. तू कोणाचे काहीही बाकी ठेवलेले नाहीस.

कलम सात. सदर रोटी माझ्या पत्नीच्या, राबियाच्या रेशमी रुमालात बांधून माझ्या हातपिशवीत असेल. मी पोहोचलो, तर मुनव्वरच्या टेबलाशी ती चहात बुडवून संपवीन. दात टिकले तर. नातीला चव पाहायची असल्यास तिला अडवू नये. ज्या घरी ही रोटी संपेल, त्या घरी मी तिबिलिसीहून परत आलो असे धरावे. मी न पोहोचता रोटी पोहोचली, तर मुनव्वरने ती भिंतीला टांगू नये, चुरून पाखरांना घालावी.

गुरुवारी निघताना मी नवीन रोटीला दात लावणार नाही. एक अजून बाकी असताना दुसरी लावणे बरे दिसत नाही.

माझ्या मागे रीतीप्रमाणे मोहल्ल्याला सकाळचा पुलाव द्यावा, आणि गाजर विक्टरने चिरावे. त्याला चिरता येते, बाकी काही असो.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, खाडाखोड केली ती माझीच आहे.

ताश्कंद, मंगळवार, दिनांक १५ ऑक्टोबर २०२४.

(सही) तुर्गुन कोसिमोव

साक्षीदार पहिला: विक्टर किम, सहावा मजला. माझ्यासमोर सही झाली. फासा मी कधीही फिरवलेला नाही. गाजर चिरीन, पण घाई नाही.

साक्षीदार दुसरी: होसियत नझीरोवा, निवृत्त दंतवैद्य, चौथा मजला. रुमालात बांधण्यापूर्वी रोटी पुन्हा तपासली, दात यांचेच आहेत. कलम सातमधील नव्या रोटीबाबतचा मजकूर मला मान्य नाही. नवी रोटी मी भट्टीवर सांगून ठेवली आहे. गुरुवारी उंबऱ्यात यांना दात लावायला लावीन आणि ती माझ्या स्वयंपाकघरात टांगीन. खिळा आज सकाळीच ठोकला आहे.

(सही) हो. नझीरोवा