शिगेसकट

बाबा, तुमच्या पणतीने गेल्या मंगळवारी ओटावाहून फोन करून एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, पण ते माझं नव्हतं, तुमचं होतं. म्हणून लिहायला बसले आहे. ती दुभाषी झाली आहे, स्पॅनिश आणि इंग्रजीची. इथलं सरकार आणि दुसऱ्या एका देशाचं सरकार यांच्यात व्यापारी कराराची बोलणी चालली आहेत आणि तिची अशा टेबलाशी बसायची ही पहिलीच वेळ. "आजी, वॉशरूममधून बोलतेय, लंच ब्रेक आहे. काय ते सांगता येत नाही, कॉन्फिडेन्शल आहे. बट समोरच्या बाजूचा माणूस, ही सेड समथिंग रिअली रूड. आता परत तेच बोलणार तो. मी थोडं सॉफ्टन करू का? कुणाला कळणारही नाही." मी म्हटलं, "करायचं नाही." "दॅट्स इट?" "हो. बाकीचं घरी आलीस की."

फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. तळं गोठलेलं होतं, पण मला आपली खाडी दिसत होती. अलीकडचा काठ इंग्रजांचा, पलीकडचा पोर्तुगीजांचा. मिठागरं पलीकडे आणि मासे खारवणाऱ्या बायका अलीकडे. पिढ्यान्‌पिढ्या त्या होडीने जाऊन मीठ आणत. मग मिठावरच्या कराचा कडक पहारा बसला, मीठ अडलं आणि बांगडा टोपल्यांतच सडायला लागला. अखेर दोन्ही सरकारांनी बोलणी लावली. दर बाईमागे, दर खेपेला, एक लाकडी मापटंभर मीठ जकातीशिवाय न्यायचं, एवढं लवकर ठरलं. अडलं ते शिगेवर. सरकारी माप काठाशी सपाट कापलेलं. आपल्याकडचं माप काठाच्या वर ढीग लावल्याशिवाय पुरं होत नाही. मीठ ओलं असलं की ती शीग चांगली उंच राहते. एवढ्या मिठात बायकांचे किती बांगडे टिकणार, हे त्या शिगेवर होतं. दोन साम्राज्यं त्या ढिगासमोर अडून बसली होती आणि त्यांच्या मधे तुम्ही, इंग्रजांच्या नोकरीतले दुभाषी.

पहिली बैठक पलीकडे झाली. बायकांच्या वतीने एक म्हातारी गेली होती. पोर्तुगीज अंमलदार म्हणाला, शीग म्हणजे चोरी आणि या बायका चोर आहेत. तुम्ही ते इंग्रजीत सांगितलंत, मग तिच्याकडे वळून तिच्या बोलीत सांगितलंत, त्याच स्वरात, काहीही न गाळता. दुसऱ्या दिवसापासून आपल्या दारात मासे येणं बंद झालं. म्हातारीने वाटेत आईला गाठलं. "बाये, त्या पोर्तुगेजान म्हटल्यान ता म्हटल्यान. तुझ्या घोवान कित्याक म्हणूचा? तो आमचो मां?" आई तशीच घरी आली. चुलीपुढे आमटी ढवळताना तिचे डोळे धुराने लाल झाले होते की कशाने, मी विचारलं नाही. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मीच म्हटलं, "बाबा, जरा गोड करून सांगितलं असतं तर?" तुम्ही घास खाली ठेवलात. "मी गोड केलं तर ती उत्तर कशाला देणार? तिचं उत्तर तिला देऊ दे. मी भर घालायची नाही आणि गाळायचं नाही. पुन्हा असं सांगायला येऊ नकोस." मी आठ दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

दुसरी बैठक आपल्या काठावर, जकातनाक्याच्या ओसरीवर. मी कुंपणाशी उभी आहे. म्हातारी मापटं घेऊन येते, ओसरीच्या पायरीवर ठेवते आणि सरळ अंमलदाराकडे बघून बोलते. "चोर रातीचो येता. आमी दिसाढवळ्या येतो, तुझ्या शिपायाक हाक मारून. शीग आमी लावणव नाय. तुझो मिठागरवालो आपल्या हातान लावता, गिऱ्हाइकाचो मान म्हणान. चोर म्हणतंस तर पयलो त्येका म्हण." इंग्रज साहेब तुमच्याकडे पाहतो. आवाज खाली घे, असं तो हाताने सुचवतो. तुमची नोकरी त्याच्या हातात. तुम्ही उभे राहता आणि ते सगळं पोर्तुगीजमध्ये सांगता. मला त्यातला एकही शब्द कळत नाही, पण तो तिचा राग आहे हे कळतं, तिचं थांबणं, तिचं 'पयलो त्येका म्हण' आणि त्यातला तिचा टोमणासुद्धा. तुमच्या काटकुळ्या देहातून ती म्हातारी अख्खी पलीकडे गेली, कुठेही सांडली नाही. त्यानंतर मी कॉलेजात नावाजलेले वक्ते ऐकले, इथे मंत्री ऐकले. तसं पुन्हा ऐकलं नाही.

 अंमलदाराने मीठ मागवलं. म्हातारीने मापटं भरलं, दोन्ही हातांनी शीग लावली. त्याने उठून शिगेला बोट लावून पाहिलं. ती ढळली नाही. तो हसला, काहीतरी म्हणाला आणि तुम्ही इंग्रजीत सांगितलंत, तितक्याच शांतपणे, "शिगेसह." म्हातारी तेवढ्यात तुम्हाला म्हणाली, "आता हसलो ता पण सांग मरे साहेबाक." तुम्ही तेही सांगितलंत.

करारावर सह्या झाल्या त्या दिवशी ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली आणि मिठाने भरलेलं तेच मापटं आईपुढे ठेवून म्हणाली, "तुझो घोव आमचो नाय आणि त्येंचोय नाय. बरो आसा." आई हसली. तुम्ही बाहेर चष्मा पुसत होतात.

तुमची पणती शुक्रवारी इथे व्हिटबीला, माझ्याकडे आली. त्या दुपारी तिने काही सौम्य केलं नव्हतं. "इट गॉट अग्ली, आजी. मग आमच्या बाजूच्या बाईंनी उत्तर दिलं, आणि ते मीच तिकडे नेलं." पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिला हे सगळं सांगितलं. ती इंग्रजीतून प्रश्न विचारत राहिली, मी मराठीतून उत्तरं देत राहिले, आणि मधे कुणी दुभाषी लागला नाही.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, तेव्हा पोच इथेच लिहिते. दिलं: लाकडी मापटं एक, आईकडून माझ्याकडे आलेलं, काठाला चीर गेलेलं, शीग लावून मिठाने भरलेलं. घेतलं: पणतीने, दोन्ही हातांनी, कंडोच्या लिफ्टपर्यंत न सांडता. इथलं ग्रोसरीचं मीठ कोरडं असतं, त्याची शीग काही केल्या राहत नव्हती. मी त्यावर चमचाभर पाणी शिंपडलं. तेवढी भर मी घातली, बाबा.