शनिवारचा हिरवा चौकोन

शनिवार, संध्याकाळ, भिसेगाव

चार दिवस ही वही टाळली, कारण उघडली की हेच लिहावं लागणार. कडावच्या आत्याला झटका आला, वाचा गेली. लग्नघरी धवले गाणारी माझी आत्या. तिची गाणी कुठंच लिहिलेली नाहीत. दिवाळीपासून म्हणत होती, "तोंडात हायत तवर लिवून घे रं." मी आधी वेळापत्रक केलं, भिंतीवर लावलं. हिरव्या पेनाने चौकोन आखले. शनिवार, चार ते सहा, आत्या. निघायचोसुद्धा. वाटेत कुणाची मॅच दिसली की बाईक थांबलीच. भिंतीवर चौकोन आहे म्हणजे काम होतंय, असं वाटायचं का मला?

मंगळवारी गेलो. तिची सून म्हणाली, "आता आनलीस व्हय वही?" आत्याने हात धरला, ओठ हलवले. नुसता श्वास आला. आणि मी बावळटासारखं विचारलं, "कशी आहेस?"

आज चारला त्या हिरव्या चौकोनासमोर बसलो. सहापर्यंत. पहिल्यांदाच पूर्ण पाळला, आणि

कुणीतरी हाक मारतंय. खालापूरची जनाकाकी आलीय, आत्याच्या जोडीला गायची ती! दारातूनच सांगतेय, "तिनं हातानं खुणावून धाडलंय मला. समदी गानी नाय येत रं, निम्मी येतात."