डावा पदर वर

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आदरणीय यासुएताईंना,
तात्सुओचा नमस्कार.

डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ पडला, खाली मेपल अजून लाल आहेत. तुमचा गुडघा बरा असेल. आज सकाळी एकमेव पाहुण्या बाई गेल्या. दुपारी मी गरम पाण्याचं कुंड घासलं, अंथरुणं उन्हात टाकली.

सराई बंद करून मोरिओकाला तुमच्याकडे राहायला येणार का, हे तुम्ही दोनदा विचारलंत. उत्तर राहिलं. बाकी सगळ्या पाहुण्यांना मी नकार कळवला होता. या बाईंना मात्र मिसाओने वसंतात स्वतः होकार दिला होता. तो मोडवला नाही.

इनेस त्यांचं नाव. पोर्तुगालच्या, साठीच्या. जपानी त्या पुस्तकातून शिकल्या आहेत, त्यामुळे आपल्यापेक्षा शुद्ध बोलतात. काल आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मिसाओबाई कुठे आहेत?" मी म्हणालो, बाहेर गेली आहे. इनेसबाई खोलीत गेल्यावर किनूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या, "बाहेर? मग केव्हा येणार म्हणून सांगू?" मी मासे उलटले.

आज सकाळी इनेसबाई कुंडावरून थेट न्याहारीला आल्या. सराईचा सुती युकाता झग्यासारखा अंगावर, पट्टा नीट बांधलेला, आणि उजवा पदर वर. किनूबाईंनी सूप घाईने खाली ठेवलं.

"अगं बाई, ही तर शवपेटीतून उठून आली," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. मला हसू येईल, नाहीतर रडू."

अशा वेळी मिसाओ काय करायची तुम्हाला माहीत आहे. "अजून आहात ना आमच्यात?" म्हणत पाहुण्याचा पदर फिरवायची, आणि सगळे हसायचे. मला तसं जमत नाही. मी समोर बसलो आणि म्हणालो, "डावा पदर वर घ्यायचा. असा फक्त मेलेल्यांना घालतात."

त्या ओशाळल्या. "माफ करा. कुंडाजवळच्या चित्रासारखा घातला, पण आरशात बघून."

मी म्हणालो, "मिसाओला सप्टेंबरात असा घातला."

तोंडाने हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. काही वाटलं नाही. सूप निवत होतं, एवढं लक्षात आलं.

ताई, त्या दिवशी तुमच्या बहिणीला नेसवताना माझा हात दोनदा चुकला असं तुम्हाला वाटलं. "तात्सुओराव, उलट घ्या, उलट," म्हणत तुम्ही पदर माझ्या हातातून घेतलात. माझा हात चुकला नव्हता; डावा पदर मी मुद्दामच वर घेत होतो.

इनेसबाई भिंतीकडे वळल्या, पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि विचारलं, "आता?" मी म्हणालो, "आता बरोबर." मग त्या जेवल्या. भाताचा दाणा ठेवला नाही. नंतर बराच वेळ खिडकीतून डोंगराकडे बघत बसल्या. मीही तिथेच बसून राहिलो.

निघताना बूट घालत त्या म्हणाल्या, "पुढच्या शरदात बहिणीला आणीन. खोली मिळेल?"

नाही म्हणायचं ठरलेलं होतं. मी म्हणालो, "या."

"म्हणजे मी अजून वर्षभर मरायचं नाही तर," किनूबाई आतून म्हणाल्या.

तेव्हा मी मोरिओकाला येत नाही. कारण विचारलंत तर सांगता येणार नाही. रागावू नका. मिसाओचे हिवाळी किमोनो तुमच्याकडे पाठवू का, ते कळवा.

किनूबाई घरी गेल्या. बाहेर अंधारून आलं आहे. एकट्यापुरता तांदूळ किती घ्यायचा ते अजून नीट कळत नाही, भांड्यात काढलाय तो जास्तच वाटतो. आता उठून धुतो.

तुमचाच,
तात्सुओ